नाकातला भाडेकरू

“काका, तुमच्या नाकात आहे,” असं डॉक्टर गीतांजली म्हणाल्या तेव्हा अण्णांनी आधी खांद्यावरचा दुपट्टा नाकाला लावला, नीट पुसलं आणि खात्री करून घ्यावी म्हणून मान पुढे केली. चारचौघांत नाकात काही असणं ही त्यांच्या लेखी निष्काळजीपणाची बाब होती, आणि दुसऱ्यांचा निष्काळजीपणा पकडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती.

“पुसून जाणाऱ्यातलं नाही ते,” डॉक्टर म्हणाल्या. “समूच्या मांडीत जो जंतू सापडला ना, तोच. मागे घरातल्या सगळ्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवली होती आपण. विपुलच्या नाकात नाही, विनताच्या नाही. समूच्या आहे आणि तुमच्या आहे. राहतो तिथं.”

“राहतो म्हणजे?”

“राहतो म्हणजे राहतो. तुम्हाला काही करत नाही.”

“कधीपासून?”

“ते त्यालाच विचारावं लागेल.”

हे बोलताना डॉक्टर हसल्या नाहीत. त्या मूळच्या नागपूरच्या, वयानं अण्णांच्या मुलापेक्षा लहान, आणि हसू न येता गंमत करण्याची जी कला अण्णा स्वतःची समजत होते ती या पोरीकडे जन्मजात होती. एरवी अण्णांनी मनातल्या मनात दाद दिली असती. पण समोर सून विनता बसली होती, तिच्या मांडीवर पाच वर्षांची नात समृद्धी, म्हणजे समू, बसली होती, आणि समृद्धीच्या पाठीवर, फ्रॉकच्या गळ्याच्या जरा खाली, नवा फोड आला होता. मांडीची जखम भरून पुरता महिनाही झाला नव्हता.

“आंघोळ झाल्यावर हिचं अंग कशानं पुसता?” डॉक्टरांनी विचारलं.

“आजोबा के दुपट्टे से,” समूनं अभिमानानं सांगितलं. तिला मराठी सगळं कळत होतं, बोलायची मात्र ती आपल्या सोयीनं. “आजोबा भी उसी से. मम्मी हाथ पोंछती है. पापा तो पूरा मुँह.”

डॉक्टरांनी काहीच टिपून घेतलं नाही. त्यांनी फक्त अण्णांच्या खांद्याकडे पाहिलं. अण्णांचा हात सवयीनं दुपट्ट्याचं टोक घेऊन पुन्हा नाकाकडे निघाला होता. तो छातीशीच थांबला आणि तिथून कुठं जावं ते त्याला सुचेना.

मग डॉक्टर बरंच काही बोलल्या. मलम, गुलाबी औषधाची आंघोळ, वेगवेगळे टॉवेल, कापलेली नखं, उकळते कपडे, ऊन. मांडीतला पू हाडापर्यंत पोचला नाही हे नशीब, आणि दुसऱ्यांदा नशिबावर सोडायचं नाही, असंही म्हणाल्या. पण तोवर अण्णांचं ऐकणं बंद पडलं होतं. कारण मधेच एकदा विनतानं वळून त्यांच्या नाकाकडे पाहिलं होतं. एकदाच, आणि क्षणभरच. मग तिनं नजर भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे नेली. बस्स, एवढंच घडलं. पण दाढीला साबण लावताना गळ्याखाली गाठ लागावी, तशी ती नजर अण्णांच्या हाताला लागली आणि मग दुसरीकडे हात जाईना.

रिक्षात समू मधे बसली आणि अण्णा कडेला तोंड बाहेर काढून. जानेवारीतली हवा, तीत जबलपूरच्या मालवीय चौकातला तळणाचा वास, पुढं बाजारातल्या ओल्या मटारच्या ढिगांचा हिरवा वास. सगळे वास नेहमीसारखे आत येत होते आणि अण्णांना प्रत्येक वासाबरोबर वाटत होतं, हा आत जाताना त्याला भेटून जात असेल. नाकात कोणी राहतं ही कल्पना त्यांना पहिल्यांदा घाणेरडी वाटली नाही, ओळखीची वाटली. दीक्षितपुऱ्यात कोणाच्या घरात भाडेकरू नाही? त्यांच्याच खालच्या खोलीत दामू टेलर वडिलांच्या काळापासून राहत होता. शांत माणूस. आवाज नाही, भांडण नाही, सणाला ताट पाठवणारा. निघ म्हणावं असं त्यानं एकदाही काही केलं नाही, म्हणून तो निघाला नाही. तसाच हा. फरक इतकाच, की दामू टेलर दुपारी अण्णांच्या घरची सगळी झोपली की जिना चढून वर येत नव्हता आणि पोरीच्या मांडीत शिरत नव्हता.

मांडीत शिरण्याच्या आधी तो कुठंकुठं फिरला हे आठवायला अण्णांना गल्लीची सगळी वळणं पुरली. पहिला फोड मे महिन्यात, हातावर. तेव्हा गुन्हेगार आंबा होता. घरात एकमत होतं, शेजारात एकमत होतं, खालून दामू टेलरनंही मत पाठवलं होतं. आंबा बंद झाला. दुसरा फोड जुलैत, पायाच्या पोटरीवर. तेव्हा अंगातली गर्मी बाहेर पडत होती आणि ती पडणं चांगलं, असं ठरलं. तिसरा नवरात्रात, आणि तो नजरेचा. दर फोडाला चौकातल्या मेडिकलवाल्या भैयाकडून दोन दिवसांचा डोस यायचा, दुसऱ्या दिवशी फोड बसायचा, उरलेली बाटली फ्रिजच्या दारात उभी राहायची आणि पुढच्या फोडाला तिच्यातलंच दोन चमचे निघायचं. काटकसर म्हणून नाही. औषध जास्त घेऊ नये, उष्ण पडतं, या समजुतीनं. डॉक्टर गीतांजलींनी नंतर सांगितलं, की अर्धं औषध म्हणजे जंतूची शाळाच, थोडं थोडं शिकून तो हुशार होतो. अण्णांच्या डोळ्यांसमोर फ्रिजचं दार आलं. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्यांत इतकं नियमित शिक्षण कोणी घेतलं नव्हतं. विपुलला तर दहावीला शिकवणी लावूनही फरक पडला नव्हता.

आणि मग दिवाळीनंतर ती सकाळ. समू उठली आणि पलंगावरून उतरली नाही. “पैर नीचे नहीं जा रहा,” म्हणाली, पाय दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखं. मांडी तापलेली, घट्ट, फुगलेली. दवाखान्यात त्यांनी चीर देऊन पू काढला, तेव्हा अण्णा दाराबाहेर होते आणि आतून जो आवाज आला तो समूचा आहे हे त्यांनी काही वेळ मान्यच केलं नाही. नेहमीची औषधं चालेनात. नळीतून एक मोठ्या नावाचं औषध थेंब थेंब सोडलं गेलं, व्हँकोमायसिन. ते नाव अण्णांनी पाठ केलं आणि रोज सकाळी विष्णुसहस्रनामाच्या जागी नकळत तेच म्हणू लागले. ताप उतरला. पोरगी खिचडी मागू लागली. मग घरी आल्यावर ते कडू सरबत, जे प्यायला ती तोंड उघडायची फक्त अण्णांपुढं, कारण अण्णा आधी स्वतः एक रिकामा चमचा तोंडात घालून मरून दाखवायचे. जीभ बाहेर, डोळे पांढरे. समू हसायची, आणि हसतं तोंड उघडं असतं.

तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपण वाचवली.

घरी येऊन अण्णा थेट गच्चीवरच्या खोलीत गेले. तिथं कूलर, हिवाळ्यात निकामी झालेला, एक लोखंडी पेटी आणि खाट होती. त्यांनी आपलं अंथरूण वर नेलं. ताट नेलं, वाटी नेली, पेला नेला. विनताच्या ड्रॉवरमधून लाल नेलपॉलिश नेलं आणि तिन्हीच्या बुडाला एकेक ठिपका दिला. हे करताना त्यांना बरं वाटलं. कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. त्यांच्या टेबलावर आलेला भाग मापात बसला तर शिक्का, नाही बसला तर लाल रंगाचा फटकारा आणि जाळीच्या पलीकडे. जाळीला कामगार जेल म्हणायचे. जाळीत गेलेल्याचं पुढं काय होतं हे विचारणं तपासणीसाचं काम नव्हतं. जाळीच्या अलीकडे आणखी एक टेबल होतं, रिवर्कचं. ज्यात थोडा दोष आहे, घासून-तासून मापात आणता येईल, असा माल पिवळी चिठ्ठी लावून तिकडे जायचा. अण्णांचा पिवळ्यावर विश्वास नव्हता. पिवळं म्हणजे आपल्याला ठरवता आलं नाही अशी कबुली. ते लालवाले होते, आणि खात्यात त्याबद्दल त्यांचा दरारा होता. खात्याबाहेर बायकोपुरताच तो नव्हता.

जयाला जाऊन सात हिवाळे झाले. ती असती तर म्हणाली असती... काय म्हणाली असती हे अण्णांना नीट ऐकू येईना, फक्त स्वयंपाकघरातून येणारा तिचा भांड्यांचा आवाज ऐकू आला. जयाच्या घरात उष्ट्याचा कायदा कडक होता. कोणी कोणाच्या पेल्यातून पाणी प्यायचं नाही, भाताच्या हातानं भांड्याला शिवायचं नाही, चाखलेला चमचा परत बुडवायचा नाही. विपुलचे मित्र या घराला मिलिटरी म्हणायचे. आणि या सगळ्या शिस्तीच्या मधोमध, न्हाणीच्या खिळ्यावर, अण्णांच्या खांद्यावरून उतरलेला दुपट्टा लटकत असायचा, ज्याला सगळे तोंड पुसायचे. तो कायद्यात नव्हता, कारण तो उष्टा होत नाही. कापडाला काय होतं? सुती, धुवट, उन्हाचा वास असलेला, घरच्याच माणसाचा. अण्णा सकाळी समूला तेल लावून आंघोळ घालायचे, कारण विनता शिक्षिका, तिची शाळा साडेसातची, मग तिला डोक्यापासून त्यात गुंडाळून, घुसळून, बाहेर आणायचे, आणि आतून आवाज यायचा, “आजोबा, मैं कहाँ हूँ?” रोज. दुपट्ट्याच्या अंधारात ती त्यांच्या पोटाशी असायची आणि रोज तो प्रश्न विचारायची, आणि अण्णा रोज म्हणायचे, “काय माहीत बाप्पा, इथं तर कोणी नाही दिसून राहिलं.” आता खाटेवर बसून त्यांना वाटलं, तिला विचारायला हवं होतं, तिथं अजून कोण आहे.

खालून नळाचा आवाज आला, मग विनताचा समजावणीचा, मग समूचा रडण्याचा. गुलाबी औषधाची पहिली आंघोळ. “नहीं. आजोबा करेंगे. तुम नहीं.” अण्णा खाटेवरून उठले आणि परत बसले. त्यांनी दुपट्ट्यानं कान झाकले असते, पण दुपट्टा त्यांनी आल्या आल्या पेटीवर टाकून दिला होता, त्याच्याशी बोलणं बंद असल्यासारखा. खांदा रिकामा होता. हे सर्वांत विचित्र होतं, रिकामा खांदा. एवढ्या वर्षांत तो कोणी पाहिलाच नव्हता, त्यांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपूरला आनंदला फोन लावला. आनंद धाकटा भाऊ, आयुष्यभर उजव्या पायानं लंगडत आला. लहानपणी मांडीत गळू झालं, आईनं अळशीचं पोटीस बांधलं, ते हाडात उतरलं, आणि महिनोन् महिने हाडातून कण बाहेर येत राहिले. मग पाय वाढायचा तेवढा वाढला नाही. अण्णांना त्या दिवसांतलं फारसं काही आठवत नव्हतं, एक सोडून. लाकडी जिन्यावर आनंदच्या पावलांचा आवाज. एक पाऊल पडायचं आणि एक ओढलं जायचं. ठप, सर्र. ठप, सर्र. शाळेतून तो घरी आला हे न पाहता कळायचं. काल रिक्षात, बाजाराच्या गोंगाटात, तो आवाज परत सुरू झाला होता आणि थांबला नव्हता. दोघं भाऊ एका गोधडीत झोपायचे. एका पंच्याला अंग पुसायचे.

“ऐकून राहिला का तू?” अण्णांनी सगळं सांगून झाल्यावर विचारलं.

“ऐकून राहिलो. म्हणजे माझा पाय तुझ्या नाकानं गेला, असं म्हणून राहिला तू.”

“तसंच दिसून राहिलं.”

“अण्णा, मी त्या पायाची वेगळी गोष्ट सांगतो लोकांना. चिंचेवरून पडलो, पाटलाची चिंच, तो काठी घेऊन मागं. बायकोला तीच सांगितली, पोरांना तीच. आता या वयात येऊन, भावाला सर्दी झाली होती, हे सांगू?”

“सर्दी नाही रे.”

“तेच ते. पाय माझा आहे. त्याचं श्रेय तुला काहून देऊ?” मग तो हळू म्हणाला, “आईजवळ औषध नव्हतं, अण्णा. पोटीस होतं. तिनं रात्रंदिवस तेच बांधलं. तुमच्याजवळ आहे ना औषध?”

“आहे.”

“मग तू कायच्यासाठी रडून राहिला?”

अण्णा म्हणाले की ते रडत नाहीत, धूळ आहे, गच्चीवरची खोली आहे. आनंद म्हणाला की नाक पुसू नकोस, तो बाहेर पडेल आणि जबलपूरभर फिरेल. फोन ठेवला तेव्हा अण्णांना हसू येत होतं आणि ते हसू कोणाचं आहे ते कळत नव्हतं. ठप, सर्र, मात्र चालूच होतं. भाऊ माफ करू शकतो. भाऊ जिन्यावरचा आवाज बंद करू शकत नाही.

गच्चीवर ऊन मात्र छान होतं. जबलपूरचं जानेवारीतलं ऊन म्हणजे फुकट मिळणारी एकमेव चांगली गोष्ट, म्हणून लोक तिला काही म्हणत नाहीत. पलीकडच्या गच्चीवर मटार सोलले जात होते, शेंगा फुटण्याचा बारीक चट्-चट् आवाज येत होता. त्यांच्याही घरी मझौलीहून टोपलीभर मटार आला होता. दर वर्षी यायचा, विपुलच्या हाताखालच्या एका माणसाची शेती तिकडे होती. दर वर्षी अण्णा आणि समू तो गच्चीवर सोलायचे, आणि अण्णा तिला दाणे तपासायला शिकवायचे. हा पास. हा पास. हा किडका, बाजूला. समूला सगळेच पास करायचे असायचे. किडक्या दाण्यावर ती बोटानं धरून फुंकर मारायची आणि म्हणायची, अब ठीक है. यंदा टोपली जिन्यात पडून होती. सकाळी विनतानं ती दाराशी ठेवली, तेव्हा अण्णांनी आतून सांगितलं होतं, “मी हात लावणार नाही खायच्या वस्तूला.”

दुपारी विनता कपड्यांची बादली घेऊन वर आली. वाफ येत होती. तिनं चादरी, उशांचे अभ्रे, समूचे फ्रॉक एकेक करून दोरीवर टाकले, प्रत्येकाला एकदा जोरात झटकून. अण्णा दाराच्या आत उभे होते, नाकावर पंजा ठेवून.

“अण्णा, खाली या.”

“नाही.”

“काहून?”

“तुला माहीत आहे काहून. ती बरी होईपर्यंत मी इथंच बरा. माझं ताट वेगळं आहे, ठिपका दिला आहे.”

“ठिपका पाहिला मी. माझं नेलपॉलिश संपलं.” तिनं आणखी एक चादर झटकली. “हे डॉक्टरांनी सांगितलं का तुम्हाला, वर जाऊन बसा म्हणून?”

“सांगायला कशाला पाहिजे? तू पाहिलं होतं ना.”

“काय पाहिलं?”

“नाकाकडे.”

विनता वळली. तिच्या हातात ओला अभ्रा होता आणि त्यातून पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. अण्णांना वाटलं, आता ती म्हणेल. काय म्हणेल ते त्यांनी काल दुपारपासून तिच्या आवाजात अनेकदा ऐकून ठेवलं होतं, चालीसकट.

“पाहिलं,” ती म्हणाली. “विचार करून राहिली होती मी, की या नाकात मलम घालणार कोण? दाढी न्हाव्याला करू देत नाहीत तुम्ही. ताप आला तर थर्मामीटर दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. मी म्हटलं, झालं, हा माणूस सगळ्यांचा खेळ बिघडवणार.” तिनं अभ्रा दोरीवर टाकला, चिमटा लावला. “आणि बिघडवलाच.”

“मी काय बिघडवलं? मी तर बाजूला झालो.”

“डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलं का? पाच दिवस, सगळ्यांनी एकदम. सगळ्यांनी, अण्णा. विपुलनं घातलं मलम, मी घातलं, पोट्टीनं रडून रडून एकदाचं घालू दिलं. तुमची नळी तशीच पडली आहे फ्रिजवर, झाकण न उघडलेली. तुम्ही वर येऊन बसले, तोही वर येऊन बसला तुमच्याबरोबर, मजेत. आमचे पाच दिवस सुरूच नाही होऊन राहिले.”

अण्णांनी पंजा नाकावरून खाली घेतला. औषध आपल्यालाही घ्यायचं आहे, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. इतकं साधं, आणि आलंच नव्हतं. जाळीतल्या मालाला कोणी तेल घालत नाही. तो बाजूला केला, की काम झालं. बाकीचा लॉट पुढं. त्यांनी भाडेकरूला घराबाहेर काढण्याच्या ऐवजी घरच उचलून गच्चीवर आणलं होतं, आणि वरून त्यागाचं समाधान घेत बसले होते. खूप वर्षांपूर्वी रिवर्कच्या टेबलावरचा म्हातारा फिटर त्यांना म्हणाला होता, साहब, आप लाल करके घर चले जाते हो, हम पीला लेकर बैठते हैं. तेव्हा त्यांना तो उद्धटपणा वाटला होता. कानशीच्या आवाजात तो माणूस दिवसभर वाकून बसायचा, आणि संध्याकाळी त्याच्या टेबलावरचे भाग अण्णांकडे परत यायचे, मापात, आणि अण्णा शिक्का मारायचे. मारायचेच. किती मारले. त्या शिक्क्यांची त्यांना आठवणच नव्हती, फक्त लालची होती.

“हे घ्या,” विनतानं कठड्यावर ठेवलेली एक कोरडी घडी उचलून त्यांच्या रिकाम्या खांद्यावर टाकली. “सगळ्यांना एकेक रंग आणला. समूचा हिरवा, विपुलचा निळा, माझा जांभळा. तुमच्यासाठी दुकानात एकच उरला होता.”

टॉवेल पिवळा होता. अण्णा त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “चलो,” आणि पेला-ताट उचलून जिना उतरू लागले.

समू मधल्या पायरीवर फुगून बसली होती. तिच्या दोन्ही नाकपुड्यांना मलमाची चकाकी होती आणि पुन्हा कोणी हात लावला तर ओरडायचं अशी तयारी. फ्रिजवरची नळी आणून अण्णा तिच्या खालच्या पायरीवर बसले. नळीचं झाकण उघडलं, मान वर केली, आणि बोट नाकाजवळ नेऊन थांबले.

“कितना डालना है, पता है?” समूनं वरून विचारलं.

“नाही बाप्पा.”

“डॉक्टर दीदी ने बोला, आधा मटर.” ती उठली, टोपलीतली एक शेंग फोडली, दाणा काढला, तो निरखला, नखानं मधोमध दोन केला आणि एक अर्धं अण्णांच्या तळहातावर ठेवलं. क्षणभर अण्णांना भीती वाटली की मटारच आत जाणार. पण तिनं फक्त मापाला ठेवला होता. मग तिनं विनतानं आणलेली कापसाची काडी घेतली, मलम काढलं, दाण्याशी ताडून पाहिलं, थोडं कमी केलं, परत ताडलं. इतकी निर्दय तपासणी अण्णांनी हयातभर केली नव्हती.

“ऊपर देखो. हिलना नहीं.”

अण्णांनी वर पाहिलं. जिन्याच्या वरच्या टोकाला गच्चीच्या दाराएवढं आभाळ होतं, त्यात दोरीवरची चादर. नाकात थंड काहीतरी गेलं, औषधी, चिकट. दुसऱ्या नाकपुडीत तिनं काडी बदलली. ती बदलायची हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे. मग तिनं त्यांचं नाक दोन बोटांनी चिमटीत धरून हलकेच दाबलं, एक, दो, आणि सोडलं.

“आता तुझी आंघोळ?” अण्णांनी विचारलं. “गुलाबीवाली?”

समूनं विचार केला. “आप पहले हाथ धोओ. साबण से. फिर.”

अण्णा साबणानं हात धुवायला गेले. मागून तिचा आवाज आला, बोटांच्या मध्ये भी.

पाच दिवस, मग पुन्हा काही आठवडे उकळती बादली आणि रंगांचे टॉवेल, आणि त्यातला एकही कोणी कोणाला उसना दिला नाही. विपुलनं एकदा चुकून पिवळ्याला तोंड पुसलं तर समूनं त्याला दोन दिवस तुरुंगात टाकलं होतं, म्हणजे त्याच्याशी बोलली नव्हती. पाठीवरचा फोड वाळून गेला, चीर न देता. डॉक्टर गीतांजलींनी पुन्हा काडी फिरवली आणि सांगितलं की सध्या नाक रिकामं आहे, दोघांचंही. सध्या, असं त्या मुद्दाम म्हणाल्या. तो परत येऊ शकतो, लक्ष ठेवायचं, फोड दिसला की मेडिकलवर नाही, इकडं यायचं, आणि दिलं ते औषध पूर्ण. अण्णांनी मान डोलावली. रस्त्यात येताना त्यांना जरा सुनंसुनं वाटलं, इतक्या वर्षांचा शेजार. दामू टेलरला त्यांनी त्या संध्याकाळी विनाकारण चहा पाजला. दामू घाबरला, त्याला वाटलं, खोली रिकामी करायला सांगणार.

समूची आंघोळ आता पुन्हा अण्णांकडे होती. टॉवेल तिचा हिरवा, पण गुंडाळायची पद्धत जुनी. फाल्गुनातली एक सकाळ, अण्णा गच्चीवर वर्तमानपत्र धरून बसले होते, वाचत नव्हते. खालून विनतानं काही सांगितलं, आणि समू जिना चढू लागली. अण्णांचे कान ताठ झाले. ते दर वेळी होत असत, त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ठप. आणि मग... ठप. ठप, ठप, ठप, ठप, दोन्ही पावलं एकाच वजनाची, एकालाही दुसऱ्याची वाट पाहावी न लागणारी, इतकी घाईची की त्यांच्यात तिसरा कुठला आवाज शिरायला जागाच उरत नव्हती. अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. जिना शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

ती दारात आली, दमलेली, केस ओले. तिच्याकडे रोजची एक तपासणी असायची आणि ती चुकवलेली तिला चालत नव्हती.

“नाक,” ती म्हणाली.

अण्णांनी मान वर केली.